सानाए म्हणजे आवण

आटगाव
३ डिसेंबर २०२४

प्रिय प्रमिला आत्या,

पाया पडते. तुमच्या सिद्धगडाच्या पायथ्याला फोनचा टॉवर येईल तेव्हा येईल, पण ही बातमी "हॅलो, ऐकू येतंय का" असं ओरडत सांगायची नाही. म्हणून शहापूरला मेडिकलमध्ये गिऱ्हाईक नसताना लिहायला बसलेय. माझं लग्न ठरतंय!

मुलगा शेणव्याचा. संदेश हरड. वासिंदकडे एका कारखान्यात मशीनवर असतो. त्याच्या आजीच्या गोळ्या न्यायला आमच्या दुकानात यायचा. पंधरा दिवसांच्या गोळ्या दर पाच दिवसांनी न्यायला लागला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

ते बघायला आले तेव्हा ती आजीही आली होती. सकुबाई तिचं नाव. घरात तिचाच शब्द चालतो. तिने विचारलं, "नाव काय गो तुझं?"

"सनई."

"सनई? फुंकायची?"

सगळे हसले. मीही हसले, सवयच आहे. मग ती म्हणाली, "आमच्यात सुनेचं नाव बदलतात. लग्नात नवीन ठेवू." संदेशच्या बहिणीने लगेच सुचवलं, तन्वी.

आत्या, खरं सांगू? मला हायसं वाटलं. जन्मदाखल्यावर सानाए, शाळेत गुरुजींनी लिहिलं सनई, आधार कार्डावर तिसरंच काहीतरी. शाळेत मला पिपाणी म्हणायचे. बँकेत गेलं की बाई विचारते, "मुस्लिम का?", दुसरी विचारते, "सिंधी का?" बाबा सांगतात, जपानी देवीचं नाव आहे. कुठली देवी ते त्यांनाही माहीत नाही. तन्वी कसं छान, एकदा सांगितलं की संपलं.

पण नाव तू ठेवलंस, बारशाला माझ्या कानात तूच सांगितलंस. तुला राग नाही ना येणार?

तुझी,
सनई (आता थोडेच दिवस)

*

सिद्धगड पायथा, ता. मुरबाड
१५ डिसेंबर २०२४

चि. बाय,

पत्र मिळालं. लगीन ठरलं, लय आनंद झाला. पोरगा चांगला असंल. आजीच्या गोळ्या नेतो म्हंजे चांगलाच.

नावाचं इचारलंस. बदल. नाव काय, हाक मारायला असतं. राग कशाचा.

आमच्याकडं झोडणी झाली. या साली भात बरं आलं. वाल पेरलेत. तुझ्यासाठी नव्या भाताचे पोहे कांडून ठेवलेत, कोणी येणारं भेटलं की धाडते.

तुझी आत्या,
प्रमिला

*

आटगाव
२९ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

तू परवानगी दिलीस, माझं ओझं उतरलं. तुझं पत्र मोठ्या खुशीत आईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकलं आणि सूप खाली ठेवलं.

म्हणाली, "एवढंच लिहिलंय?"

"हो. बदल म्हणाली."

"तुझी आत्या एका वालाच्या शेंगेबद्दल दोन पानं लिहिते. तुझ्या नावावर तिने एक ओळ लिहिली आणि तुला वाटलं ती खुश आहे?"

मी विचारलं, "मग या नावात आहे तरी काय?" आई म्हणाली, "मी तेव्हा शुद्धीत नव्हते. जिला ठाऊक आहे तिलाच विचार."

म्हणून विचारते. आत्या, रागावली असशील तर राग लिही. पण हे नाव कुठून आलं ते सांग. चोवीस वर्षं मी ते वागवतेय आणि मला त्याची गोष्टच माहीत नाही.

तुझी सनई

*

सिद्धगड पायथा
१२ जानेवारी २०२५

चि. बाय,

तुझी आई मला बरोबर वळखते. 'बदल' लिवलं तवा तीन दिस माझ्या घशाखाली घास नीट उतरला नाय. पन ते लिवायचं नव्हतं. तुझ्या लग्नात मी कशाला आडवी येऊ?

आता इचारलंस तर सगलं सांगते.

दोन हजार साल. आमच्याकडं एक जपानी बाय राहायला आलेली, किमिको नावाची. तिकडं शेतीच्या कॉलेजात शिकायची. आपण राब कसा भाजतो, त्यात भात कसं पेरतो, ते बघायला आलेली. दोन महिने माझ्या घरात राहिली. हातात वही आन पट्टी. रोज रोपं मोजायची. मराठी बोलायची पन तुटकी, "मी जेवलो" बोलायची, आमी हसायचो, तीबी हसायची. लय गोड पोर. तुझ्याएवढीच असंल तवा.

तुझा बाप अनिल तवा भिवंडीला कामाला. तुझ्या आईला आठवा लागलेला, म्हणून तिला माझ्याकडं सोडलेली, आरामाला. पन ती कसली आराम करते? आवणी चालू व्हती. राबातली आवण काढायची, रोपांच्या जुड्या बांधायच्या, शेतात लावायची, सगलं गाव चिखलात. तुझी आई नम्रता आमचा चहा घेऊन शेतावर आली आन बांधावरच बसली. पोटात कळा.

नाला भरलेला, मुरबाडचा रस्ता बंद. पन देव बघ कसा, आवणी लावायला वाडीवरची कातकऱ्यांची भिमी आलेली. ती सुईण. बोलली, "उचला हिला, माळ्याखाली न्या." शेतावरच्या त्या राखणीच्या माळ्याखाली तू झालीस.

किमिको डोक्यावर छत्री धरून उभी. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात आवणीची जुडी. ती खाली ठेवायचं भानच नाय तिला. तू झालीस ती एवढीशी, माझ्या दोन तळव्यांत मावली असतीस. आन रडली नाय. भिमीनं तोंड साफ केलं, पाठ चोळली, पाय धरून हलवलं. नम्रतेला शुद्ध नाय.

मंग तू रडलीस. मांजराच्या पिलासारखी, पन रडलीस.

किमिको खाली बसली, चिखलात. हसते बी, रडते बी. हातातल्या जुडीकडं बघते, तुझ्याकडं बघते, आन बोलते, "सानाए. सानाए." दोन-तीनदा बोलली. मला वाटलं, ही पोरीला नाव देते. ज्या बायनं चार घंटे छत्री धरली तिनं दिलेलं नाव मी टाकू? बाराव्या दिवशी मी तेच तुझ्या कानात सांगितलं. आत्याचा मान माझा व्हता.

माझा बा, म्हंजे तुझा आजा, तापला. "हे कसलं नाव?" मी पटकन बोलली, "जपानची देवी हाय, शेताची. अन्नपूर्णेसारखी." धादांत खोटं बोलली गो. बानं हात जोडले, बोलला, "मंग असू दे." तेच तुझा बाप आजवर सांगतो.

किमिको आठ दिवसांनी, बारशाच्या आधीच गेली. नावाचा अर्थ मी तिला इचारलाच नाय. मला आजबी ठाव नाय. पन तू जगशील का नाय, असं सगले बोलत व्हते तवा मी तुला त्याच नावानं हाक मारायची, आन तू डोळे उघडायचीस. म्हणून मला ते नाव प्यारं.

आता तू ठरव. खरंच राग नाय.

तुझी आत्या

*

आटगाव
२६ जानेवारी २०२५

आत्या, माझी आत्या,

तुझं पत्र मी दुकानात वाचलं आणि मालकांनी विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, कोणी गेलं नाही, मी आले!

आता पुढचं ऐक. मी ते पत्र संदेशला दाखवलं. त्याच्या कारखान्यात जपानहून एक इंजिनीअर आलेत, मोरिता साहेब, नव्या मशीन बसवायला. संदेशने त्यांना जेवणाच्या सुट्टीत दुभाष्यामार्फत विचारलं, सानाए शब्दाचा अर्थ काय? साहेब डबा ठेवून उभेच राहिले. त्यांच्या आईचं नाव सानाए!

रविवारी त्यांनी आम्हा दोघांना आणि दुभाष्याला बोलावलं आणि आपल्या आईला व्हिडिओ कॉल लावला. शहात्तर वर्षांच्या आजीबाई, केस पांढरेशुभ्र. त्यांनी वाकून नमस्कार केला, मीही वाकले, त्या आणखी वाकल्या, मी आणखी. संदेश म्हणाला, "आता दोघी टेबलाखाली जाणार."

आत्या, सानाए म्हणजे आवण! राबातून काढून शेतात लावायला तयार झालेलं भाताचं कोवळं रोप. तिकडे ते दोन अक्षरांत लिहितात. एक म्हणजे लवकरचं, दुसरं म्हणजे रोप. किमिको तुला नाव सुचवत नव्हतीच गं. तिच्या हातात आवण होती आणि समोर मी. ती म्हणत होती, ही बघा, आवणीसारखी आहे!

त्या आजीबाईंना मी विचारलं, तुमचं नाव असं कसं? त्या आवणीच्या दिवसांत जन्मल्या म्हणून वडिलांनी ठेवलं. त्यांच्या वर्गात तिघी सानाए होत्या. त्या काळात मुलींना हे नाव खूप ठेवायचे. आता कोणी ठेवत नाही, जुनं वाटतं. म्हणजे तिकडे माझं नाव आपल्याकडच्या भागीरथीसारखं! मला इतकं हसू आलं.

आणि हे तर ऐकच. त्यांच्या जुन्या भाषेत आवणीचे बरेच शब्द 'सा'ने सुरू होतात. आवणीचा महिना, आवणी लावणाऱ्या पोरी, सगळं. काही लोक म्हणतात की तो 'सा' म्हणजे शेताचा देव. वसंतात डोंगरावरून खाली उतरतो आणि कापणीपर्यंत शेतात राहतो. तू आजोबांना खोटं बोललीस असं लिहिलंस ना? फार नाही बोललीस.

त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे अजून हाताने लावतात?" मी हो म्हटल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्याकडे आता मशीन लावते.

मला आता हेच नाव हवंय. सनई नाही, तन्वी नाही. सानाए.

पण इथेच घोडं अडलंय. संदेशने घरी सांगितलं तर सकुबाई म्हणाल्या, "जपानची असो का जव्हारची, या घरात सुनेचं नाव बदलतं. माझं बदललं, माझ्या सुनेचं बदललं." संदेश बिचारा म्हणाला, "आजी, थाळीतल्या तांदळात मी दुसरं नाव लिहिणार नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "मग साखरपुडा राहू दे." आणि खरंच थांबवला. अकरा फेब्रुवारीची ठरलेली तारीख रद्द झाली, आत्या. मी संदेशला म्हटलं, आजीशी भांडू नकोस, तिचा सगळा जीव तुझ्यातच आहे. पण रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेच आहे. तू काही करू नकोस. फक्त सांगावंसं वाटलं.

तुझी,
सानाए

*

सिद्धगड पायथा
१७ फेब्रुवारी २०२५

चि. सानाए,

तू काही करू नको लिवलंस. मी केलं.

शुक्रवारी सकाळची गाडी धरून शेणव्याला गेली. भिमीला बोलली फक्त, जाते म्हणून, तर ती लुगडं बदलूनच आली. बोलली, "नाळ मी कापली, मीबी येनार." आता सत्तरीच्या पुढं गेली ती, पन चालते माझ्यापेक्षा पटपट.

तुझी सकुबाई ओट्यावर चिंचा फोडत बसलेली. मी सांगितलं, मी पोरीची आत्या. तिनं पाणी दिलं, चहा ठेवला. भिमी खाली अंगणात बसाया लागली, तर सकुबाईच बोलली, "वर ये गो, खाली माती लागंल." तवाच मला वाटलं, बाई कडक हाय, वाईट नाय.

मी सगलं सांगितलं. शेत, छत्री, माळा, सगलं. ती ऐकत व्हती आन चिंचा फोडत व्हती. मंग बोलली, "म्हंजे नावाचा अर्थ आवण?"

"हा."

"आवण राबात असते तवर तिला आवण बोलतात. शेतात लावली, मुळं धरली, मंग कोण आवण बोलतं? मंग ती भात. नाव बदललंच ना?"

बाय गो! गाडीत बसून काय काय बोलायचं ठरवलेलं, सगलं गेलं. इतकी हुशार म्हातारी मी बघितली नाय. मला तर उठून यावंसं वाटलं.

तेवढ्यात भिमी बोलली. तिला काय, ती सहज बोलली. "आमच्यात नाय गो बदलत. मी लग्नाच्या आधी भिमी, मंग बी भिमी. तुमचं बदललं का? मंग आधी काय व्हतं?"

सकुबाईचा हात थांबला. घरात सून भाकरी थापत व्हती, तिचाबी आवाज थांबला. मंग म्हातारी हळूच बोलली, "गोदू."

"चांगलं नाव," भिमी बोलली. "का बदललं?"

"माझ्या नणंदेचं बी गोदावरीच व्हतं. एका घरात दोन गोदावऱ्या कशा चालतील? सासू बोलली, आजपासून ही सकू. मी पंधरा वर्सांची. महिनाभर 'सकू' बोलून हाक मारली तर मी मागं वळून बघायचीच नाय. मला वाटायचं दुसऱ्या कोणाला बोलवतात. त्यासाठी मार खाल्ला." मंग हसली. "आता पासष्ट वर्सं झाली. नणंद बी गेली. इथं गोदू बोलणारं कोणी नाय."

सून आतून बाहेर आली. तिला हे ठावच नव्हतं. बोलली, "आई, तुमी कधी सांगितलं नाय."

"कोणी इचारलं नाय," म्हातारी बोलली.

भिमी कशी हाय तुला म्हाईत. तिनं चहाचा कप पुढं सरकवला आन बोलली, "गोदूबाय, चहा निवतो."

सकुबाईनं कप घेतला. एक घोट घेतला, डोळे पुसले आन एकदम मोठ्यानं हसली. मंग आमी चौघीबी हसलो, कशाला ते कोणास ठाऊक.

निघताना मला चिंचेचा गोळा दिला. बोलली, "त्या पोरीला सांग, साखरपुडा पुढच्या आठवड्यात. आन ते नाव कसं लिवायचं ते नवऱ्याला नीट शिकव. लग्नात चुकला तर सगल्या गावात माझी फजिती."

आता रडू नको. लगीन हाय, कामं हायत.

तुझी आत्या,
प्रमिला

*

शेणवा
२७ मे २०२५

प्रिय आत्या,

लग्नाला तू होतीस, त्यामुळे हळद आणि नाच सांगत नाही. थाळीत संदेशने 'सानाए' लिहिताना शेवटचा 'ए' उलटा काढला, तेही तू बघितलंस. तू गेल्यावर स्नेहलने, माझ्या नणंदेने, त्या थाळीचा फोटो मोरिता साहेबांना पाठवला. त्यांच्या आईने तिकडून उत्तर पाठवलं, नावातलं शेवटचं अक्षर सुंदर आहे. कदाचित त्यांना ते तसंच असतं असं वाटलं असेल.

हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे. परवा आजी, म्हणजे सकुबाई, सकाळी मला म्हणाल्या, "तुला सुट्टी हाय का?" मी म्हटलं, आहे. "मंग मला म्हशाकडं घेऊन चल." त्यांचं माहेर म्हशाच्या अलीकडे आहे, हे मला तेव्हा कळलं. बारा वर्षं गेल्या नव्हत्या. एक भाऊ तेवढा राहिलाय, यमाजीमामा. पंच्याऐंशी वर्षांचे, दिसत नाही फारसं.

आम्ही दोन गाड्या बदलून गेलो. मामा अंगणात खाटेवर बसून बियाण्याचं भात पाखडत होते. डोळ्यांनी नाही, हातानेच वजन कळतं त्यांना. त्यांच्या सुनेने ओरडून सांगितलं, "मामा, शेणव्याच्या सकुआत्या आल्यात!"

"कोण सकू?" मामा म्हणाले.

आजी अंगणाच्या तोंडाशीच थांबल्या. मला वाटलं, आता त्यांना वाईट वाटेल. पण त्या काठी टेकत पुढे गेल्या आणि म्हणाल्या, "दादा, गोदू."

सूप हातातून पडलं. सगळं भात अंगणात.

"मंग तसं सांग ना गो!" मामा म्हणाले. "ह्यांना काय, काही बी नाव सांगतात. ये, बस. पाय धुतलेस?" आणि आजी, आमच्या सकुबाई, ज्यांच्यापुढे सगळं घर चळचळा कापतं, त्या म्हणाल्या, "धुते रे. येता येताच वरडतो," आणि खरंच पाय धुवायला गेल्या.

दुपारभर दोघं भांडत होती. रायवळ आंब्याच्या झाडावरून कोण पडलं होतं यावर. मामा म्हणत, गोदू पडली. आजी म्हणत, दादा पडला. शेवटी दोघांनीही कोपरावरच्या खुणा दाखवल्या. दोघांनाही होत्या. मी आणि मामांची सून पोट धरून हसत होतो. घरातली पोरं "गोदूआजी, गोदूआजी" करत मागे फिरत होती. आजींनी एकदाही कोणाला थांबवलं नाही.

संध्याकाळच्या गाडीला गर्दी नव्हती. आजींना खिडकी दिली. मुरबाड सुटलं तशा त्या मला म्हणाल्या, "सानाए."

आत्या, आजवर त्या मला "सून" नाहीतर "गो" म्हणायच्या. हे पहिल्यांदाच. आणि पूर्ण म्हणाल्या, शेवटच्या 'ए'पर्यंत, हळू, एकेक अक्षर लावत.

मी म्हटलं, "काय आजी?"

"काय नाय," त्या म्हणाल्या, आणि बाहेर बघायला लागल्या. "नुसती हाक मारून बघितली."

तुझी,
सानाए